पणजोबांचं लग्न झालं होतं, याला पुरावा काय?

मराठी घरात लग्नाइतका गाजावाजा दुसऱ्या कशाचाच होत नाही. सनई-चौघडा, वरात, मानपान, रुसलेले व्याही, मांडवात हरवलेलं पोर, आणि जिलबीच्या पंगतीला किती पानं उठली याचा तीन पिढ्या पुरणारा वाद. सारा गाव साक्षीला असतो. आणि नेमका याच प्रसंगाचा कागद शोधायला गेलं की हाती लागत नाही. माणूस जन्मला याची नोंद मिळते, मेला याची मिळते, मधल्या काळात त्याने शेजाऱ्याशी बांधावरून किती वर्षं दावा चालवला याची तर मिळतेच मिळते. पण त्याचं लग्न झालं होतं हे सिद्ध करायचं तर पुरावा म्हणून त्याच्या वंशजांनाच उभं राहावं लागतं.

गेल्या काही वर्षांत कुळाचा शोध घेणाऱ्यांची एक जमात तयार झाली आहे. निवृत्त बँक अधिकारी, मुलं परदेशी गेलेले काका आणि वंशवृक्षाचा तक्ता पसरून जेवणाच्या टेबलाचा कायमचा ताबा घेतलेल्या आत्या. सुरुवात झोकात होते. खापरपणजोबांपर्यंतचे पुरुष पटापट चौकटीत बसतात, कारण त्यांच्या नावावर जमीन, वतन, निदान कर्ज तरी असतं. मग कुणीतरी विचारतं, "पणजीचं माहेर कुठलं?"

"राजापूरकडचं कुठलं तरी."

"छे, त्या थोरल्या. धाकट्या देवरुखच्या."

"म्हणजे दोन होत्या?"

हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच उघड विचारला गेलेला असतो. तिथून पुढे लग्नाची नोंद शोधणं भागच पडतं.

पहिली धाव तहसील कचेरीकडे. तिथे गाव नमुना नंबर १४, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं कोतवाल बुक. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा अशी दप्तरं राज्यभर उघडली गेली आणि एरवी ज्यांना कुणी चहालाही बोलावत नव्हतं अशा मोडी वाचकांना एकाएकी भाव आला. या पुस्तकात गावातले जन्म आणि मृत्यू ओळीने लिहिलेले असतात. मुलगा की मुलगी, बापाचं नाव, जात, कोण कशाने गेलं, सारं आहे. लग्न नाही. वरात कोतवालाच्या डोळ्यांदेखत गेली, बहुधा तो पंगतीलाही होता, पण लिहायला रकानाच नव्हता. जात पडताळणीसाठी जी वंशावळ जोडतात, तिच्यातही पणजोबा, आजोबा, वडील, अर्जदार अशी सरळ उतरण असते. तिथे मुलं बापाला होतात, आई लागत नाही.

यात कोतवालाचा दोष नाही. हिंदू लग्नाला कागदाची गरज कधी भासलीच नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातसुद्धा, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं, असं म्हटलं आहे. आणि नोंदणीची सोय करून दिल्यावर नोंद केली नाही म्हणून लग्न बाद होणार नाही, हेही तिथेच स्पष्ट केलं आहे. मुंबई राज्याने विवाह नोंदणीचा कायदा १९५३ मध्ये केला, महाराष्ट्राने १९९८ मध्ये नवा केला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना सांगावं लागलं की सगळ्याच धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा. म्हणजे जे आजोबा १९४० साली बोहल्यावर चढले, त्यांच्याकडे प्रमाणपत्र नसणं यात काहीच वावगं नाही. चढल्यावर उतरता येत नव्हतं, एवढी खात्री त्या काळी पुरेशी होती.

हे सगळं पणतवाला ठाऊक नसतं. तो ऑनलाइन अर्ज भरायला बसतो. वराचा आधार क्रमांक टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही आणि वर तर १९५८ सालीच वारलेले. मग प्रत्यक्ष कचेरी. खिडकीतल्या बाई लग्नपत्रिका, पुरोहिताची सही आणि तीन साक्षीदार मागतात. साक्षीदार होते, तीनशे होते, पण त्यांतला एकही आता हयात नाही. शेवटी लेखी अर्ज, शोध फी, काही आठवड्यांची वाट, आणि मग गोल शिक्क्याचं पत्र येतं: सदर विवाहाची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. घरात हे पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवतात. कारण पणजोबांच्या लग्नाविषयीचा घराण्यातला पहिला सरकारी कागद हाच.

पणजोबांच्याच काळात खडकीच्या छावणीत एखाद्या गोऱ्या शिपायाने लग्न केलं असेल, तर त्याच्या वंशजांचं काम सोपं आहे. चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती मुंबई इलाख्यातून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. 'एन' ही मालिका, त्यातला तिसरा भाग मुंबईचा. शिपायाचं वय, हुद्दा, वधू कुमारी की विधवा, बापाचं नाव, साक्षीदार, सगळं एका ओळीत. त्याच छावणीला तीन पिढ्या दूध घालणाऱ्या गवळ्याच्या लग्नाची कुठे ओळ नाही.

चर्चचं हे वळण फार जुनं. ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ठरवलं की पाद्रीने लग्नाची वही ठेवलीच पाहिजे. त्यामुळे वसईच्या किंवा साष्टीच्या ख्रिस्ती घरात पूर्वजाचं लग्न शोधणारा माणूस निदान कुठल्या वहीत नाही हे तरी सांगू शकतो. पारश्यांनी १८६५ मध्ये आपला स्वतंत्र विवाह कायदा करून घेतला आणि दस्तुरांच्या सहीचं प्रमाणपत्र सुरू केलं. मुसलमान घरांत काझीचं दप्तर असतं, त्यात मेहेरची रक्कमही लिहिलेली असते. बेने इस्रायली लग्नात केतुबा वाचला जातो, म्हणजे लेखी करारच. एकूण, इतरांनी कागद केले आणि बहुसंख्यांनी अक्षता टाकल्या.

गोव्याची गोष्ट वेगळी. पोर्तुगालात १९१० मध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि त्यामागोमाग नागरी नोंदणीही आली. ती गोव्यातल्या हिंदूंनाही लागू झाली. आजही तिथे वधूवर आधी नोंदणी कार्यालयात जाऊन इरादा नोंदवतात, मग मुदतीनंतर सही करतात. भटजींचा मान त्यानंतर. त्यामुळे गोमंतकीय आजोबांचं लग्न कागदावर असण्याची शक्यता दांडगी. आणि त्या कागदाला आज वजन आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. त्यासाठी आजोबांचा जन्म आणि लग्न लिस्बनच्या दप्तरी चढवावं लागतं. ज्या आजोबांना कुणी म्हातारपणी डॉक्टरकडे नेलं नाही, त्यांना नातवंडं मरणोत्तर लिस्बनला नेत आहेत.

अडचण एवढीच की पोर्तुगीज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. प्रभू झाला पोरोब, कामत झाला कामोतीं, शेणवी झाला सिनाय. शंकर शोधायचा तर 'एस'मध्ये नाही, 'एक्स'मध्ये पाहायचा. बापाच्या जन्मनोंदीत एक आडनाव, लग्नात दुसरं, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरं. मग हे तिघे एकच, असं प्रतिज्ञापत्र करायला वकील लागतो. पणजी-म्हापशाच्या वकिलांची एक पिढी या स्पेलिंगांवर सुखाने जगली आहे.

मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांचं आणखीच विचित्र. रत्नागिरीकडून गिरमिटावर गेलेल्या मजुराला तिथे क्रमांक मिळाला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या दप्तरात त्याचं नाव, बापाचं नाव, वय, गाव, उंची आणि अंगावरची खूणही सापडते. काहींचे फोटोही आहेत. लग्न मात्र नुसतं धर्मविधीने लावलेलं असलं तर बराच काळ सरकारदरबारी ते लग्नच नव्हतं. उजव्या भुवईवरचा व्रण नोंदला गेला, बायको राहिली.

बायकोचं नाव सापडलं तरी सुटका नाही. लग्नात सोन्याच्या अंगठीने तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं जातं. नवरीच्या नामांतराची ही एकमेव अधिकृत नोंद, आणि ताट हललं की ती संपली. कुर्लेकरांची यमुना रानड्यांची रमाबाई झाली. गोदूबाई कर्व्यांकडे येऊन आनंदीबाई झाल्या. तांब्यांची मणिकर्णिका झाशीची लक्ष्मीबाई झाली. यांच्या बाबतीत आपल्याला हे ठाऊक आहे, कारण त्या मोठ्या झाल्या. डॉ. आनंदीबाई जोशी तर माहेरच्याही जोशीच. त्या यमुना जोशी होत्या. त्यांचं नाव झालं नसतं, तर एखाद्या कुळशोधकाने यमुना आणि आनंदी या दोन सख्ख्या बहिणी ठरवून तक्ता पूर्ण केला असता.

पुरुषांची नावं बदलत नाहीत, ती परत येतात. आजोबांचं नाव नातवाला, की झालं. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव, त्यांचे बाळाजी बाजीराव, त्यांचे विश्वासराव. पेशवाई होती म्हणून इतिहासकारांनी यांना निवडून वेगळं केलं. गुहागरच्या एखाद्या घरात विष्णू गणेश आणि गणेश विष्णू सहा पिढ्या आळीपाळीने येतात, तेव्हा १८८७ साली लग्न झालेला विष्णू नेमका कितवा, हे फक्त सावकार सांगू शकला असता.

इथे कुणीतरी कुलवृत्तांत आणून देतं. कुलवृत्तांत हे मराठी माणसाच्या चिकाटीचं काम आहे, यात वाद नाही. शेकडो पत्रं, शेकडो पोस्टकार्डं, आणि ग्रंथ छापून होण्याआधीच गेलेल्या संपादकांचे तळतळाट त्यात आहेत. पण घरातल्या लेकींची बोळवण बहुतेक ठिकाणी 'अमुक गावच्या अमक्यांस दिली' एवढ्यावर होते. जावयाचा हुद्दा असतो, लेकीचं पुढे काय झालं ते नसतं. लग्नाचं साल दिलेलं असलं तरी ते संपादकांना कुणी कळवलं हे पाहायचं. कळवलेलं असतं त्याच काकांनी, जे आता कुलवृत्तांतात छापलंय म्हणून ते खरं मानतात.

सालाचा घोळ तर स्वतंत्र प्रकरण. 'प्लेगच्या साली', 'मानमोडीच्या आदल्या वर्षी', 'पानशेत फुटलं त्या सालच्या उन्हाळ्यात'. यांत एक सोय असते: प्लेग १८९६-९७ ला आला, मानमोडीच्या साथीने १९१८ ला माणसं नेली, पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. पण प्लेग पुढे अनेक वर्षं येत राहिला हे आजी सांगायला विसरलेली असते. जुनी लग्नपत्रिका सापडलीच तर तिच्यावर तिथी, वार, घटका आणि मिनिटापर्यंतचा मुहूर्त असतो. साल नसतं. ज्यांना बोलावलं त्यांना ते माहीतच होतं.

शक असलाच तर त्यात ७८ मिळवायचे की इसवी सन आला, हे शाळेत शिकवतात. माघ-फाल्गुनातल्या लग्नाला ७९ मिळवायचे, हे शिकवत नाहीत. शके १८४९ च्या वैशाखातलं लग्न मे १९२७ चं, पण त्याच वर्षाच्या फाल्गुनातलं मार्च १९२८ चं. एका उत्साही वंशजाने सरसकट ७९ मिळवले, तर फेब्रुवारी १९२८ मध्ये जन्मलेले थोरले काका आईवडिलांच्या लग्नाच्या तीन महिने आधी अवतरतात. असा तक्ता कौटुंबिक संमेलनात पडद्यावर दाखवला की पुढची दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही, आणि त्यानंतर सगळे एकदम बोलतात. शकही नसून नुसतं संवत्सराचं नाव असेल, तर साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येतं. क्रोधी संवत्सर १९०४ लाही होतं, १९६४ लाही आणि २०२४ लाही. लग्न पणजोबांचं की नातवाचं, ते कागदाच्या पिवळेपणावरून ठरवायचं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट स्यूएलसोबत १८९६ मध्ये कालगणनेवर जो ग्रंथ केला, तो राजांच्या ताम्रपटांसाठी होता. आज तो काढून लोक आजीची हळद कोणत्या तारखेला लागली ते पाहतात. दीक्षितांना हे आवडलं असतं असं वाटतं.

१९३० च्या आसपासची लग्नं विशेष संशयाने पाहावीत. सारडा कायदा (घरोघरच्या बोलीत शारदा कायदा) १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलगी चौदाची आणि मुलगा अठराचा हवा, असं त्यात होतं. मधल्या महिन्यांत देशभर लग्नांची एकच झुंबड उडाली. त्यानंतरच्या लग्नांत नवऱ्या कागदोपत्री सरसकट चौदाच्या झाल्या. तेव्हा आजीचं लग्नातलं वय आणि तिच्या भावाचं जन्मसाल जुळत नसेल तर आजीला दोष देऊ नये. गणित तिच्या वडिलांनी केलेलं असतं.

मग खात्रीने नोंदलेली लग्नं कुठे सापडतात? जिथे भांडण झालं तिथे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागलं. त्या नांदायला गेल्या नाहीत, दादाजींनी १८८४ मध्ये दावा लावला, १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, १८८७ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला, आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या एका लग्नावर मुंबईपासून लंडनपर्यंत रकानेच्या रकाने छापून आले. ओतूरला १८८४ मध्ये बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्नं लावली. गावच्या जोशांनी दक्षिणा बुडाली म्हणून कोर्ट गाठलं आणि तीही लग्नं इतिहासात अमर झाली. जो भटजी दक्षिणा घेऊन समाधानाने घरी गेला, त्याने लावलेल्या लग्नाला इतिहासात जागा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी १८७२ च्या नागरी विवाह कायद्याखाली लग्न केलं, त्याला कागद आहे. मात्र त्या कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणत्याही धर्माचे नाही असं लिहून द्यावं लागे. म्हणजे लग्नाचा पुरावा हवा असेल तर धर्म सोडा, असा सरळ व्यवहार.

दुसरी जागा म्हणजे जिथे कर लागला. मराठेशाहीच्या करांच्या यादीत म्हैसपट्टी होती, तसा लग्नटका होता, आणि पाट लावला तर पाटदाम होता. शिरस्तेदाराच्या दृष्टीने गावात एक म्हैस वाढली आणि एक सून आली या सारख्याच मोलाच्या बातम्या. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या रुमालांत सवाई माधवरावांच्या लग्नाची याद आहे. कोणत्या कामावर कोणाला नेमायचं, कोणाचा मान कसा ठेवायचा, याच्या नाना फडणवीसांच्या कारभाराला शोभतील अशा सूचना त्यात आहेत. सामान्य माणसाने मात्र आपला पूर्वज त्याच रुमालात शोधायचा तर लग्नटक्याच्या थकबाकीदारांत पाहावा. तिथे सापडण्याची शक्यता जास्त.

तिसरी जागा त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक. तीर्थोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की गुरुजी नेमकी वही काढतात आणि पणजोबांच्या हातची ओळ समोर येते: अमुक गावचा अमका, बापाचं नाव, भावांची नावं, बरोबर कुटुंब. लग्नाची तारीख मिळत नाही, पण त्या यात्रेच्या आधी लग्न झालेलं होतं एवढं नक्की. दोन पणज्यांचा वाद मिटवायला इतकं बहुतेक वेळा पुरतं. नवं नाव घालून, दक्षिणा देऊन उठायचं.

आणि शेवटची जागा घरचा माळा. तिथल्या पितळी घागरीच्या काठावर छिन्नीने ठोकलेली अक्षरं असतात: 'चि. सौ. कां. कुसुम हिच्या विवाहाप्रीत्यर्थ स. भेट, मामा, ता. १२-५-४१.' वधूचं माहेरचं नाव, नात्याचा पुरावा आणि तारीख, तीही इंग्रजी सालासकट. चिंच आणि राखेने घासून 'कुसुम'मधला 'कु' बुजलेला असतो, पण हात फिरवला की लागतो. कुठल्याही खिडकीवर एवढा भक्कम दाखला मिळत नाही. त्याच्याच शेजारी ट्रंकेत आहेराची वही निघते. कुणी चोळखण, कुणी तांब्या-भांडं, कुणी सव्वा रुपया. सव्वा रुपया देणाऱ्याच्या नावापुढे वडिलांनी मुद्दाम केलेली फुलीही दिसते, परतफेडीची. वहीत घडी घालून ठेवलेला गुलाबी कागद म्हणजे मावशींनी रचलेली मंगलाष्टकं. वृत्त कोसळलेलं असतं, पण दोन्हीकडचे आजोबा, आई-वडील, गाव आणि आडनावं यमकात बसवलेली असतात. कवितेच्या दृष्टीने जे अक्षम्य, ते वंशावळीच्या दृष्टीने अस्सल.

दुर्दैवाने घर बदलताना सगळ्यात आधी जातात ती हीच भांडी. पुरावे मोडीत असते तर वाचणारा शोधला असता. हे पुरावे मोडीत घातलेले असतात.

म्हणून या हंगामात घरात आलेली पत्रिका, मग ती छापील असो की फोनवरची, एकदा नीट वाचून पाहावी. वार आहे, तारीख आहे, हॉलचा नकाशा आहे, मुहूर्त सहा वाजून बत्तीस मिनिटांचा आहे. साल बहुधा नाही. फोनवरची असेल तर छापून घ्या, मागच्या बाजूला साल लिहा, वधूच्या आईचं माहेरचं नाव आणि गाव लिहा. पेन्सिलने लिहा, शाई ओल लागली की पसरते.